देव्हाऱ्यातल्या तिसऱ्या दगडाचं काय करायचं?

केळीबाग

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय अगदी घरचा आहे.

आई तीन वर्षांपूर्वी गेली, वडील मागच्या कार्तिकात. रावेर तालुक्यातलं आमचं घर आता बंद राहणार. भाऊ जळगावला, मी पुण्याला. दिवाळीनंतर आम्ही दोघं जाऊन सगळं आवरलं आणि शेवटी देव्हारा उरला. टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण यांचं ठरलं. तीन दगड मात्र अजून पितळी डब्यात तसेच आहेत.

एक शाळिग्राम. बोराएवढा, काळा, बाजूला भोक आणि आत चक्र. त्याला केसाएवढा तडा गेलाय. दुसरा नर्मदेचा बाण, म्हणजे शंकर म्हणून पुजतात तो नदीतला गोटा, तपकिरी, मधोमध जानव्यासारखा पांढरट पट्टा. तिसरा तळहातावर मावेल एवढा, शेंदराने इतका माखलेला की मूळ रंग दिसत नाही. डोळे नाहीत, सोंड नाही, कसलीच खूण नाही. आई त्याला कुठल्याच नावाने हाक मारायची नाही.

भाऊ म्हणतो, बाण मी नेतो, तडा गेलेला शाळिग्राम आणि तो अनोळखी दगड तापीत सोडून देऊ. ज्यांना विचारलं ते म्हणाले की शाळिग्राम मुलाकडे जातो, मुलीने त्याची पूजा करायची नसते. मला तिन्ही हवेत असा माझा हट्ट नाही. पण आईने चाळीस वर्षं ज्याला रोज हात लावला तो देव कोणता, हे न कळताच पाण्यात सोडायचा, हे मनाला पटत नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा.

पांझराकाठ

शाळिग्राम अजिबात विसर्जित करू नका. मूर्ती भंगली की पूजेतून काढतात, तो नियम घडवलेल्या मूर्तीला. शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठाच लागत नाही, तो मुळातच देव मानतात. चक्र शाबूत असलं की तडा गेला काय नि टवका उडाला काय, पूजेला दोष नाही. आमच्याकडच्या एकाचा तर अर्धा भाग गेलेला आहे आणि पाच पिढ्या पूजा चालू आहे.

खापरावरचे_मांडे

एकच आहे ना? मग ठीक. घरात दोन शाळिग्राम नसावेत असं आमची आजी सांगायची. एक चालतो, नाहीतर चार, सहा असे सम, पण दोन नाही. लिंगंही दोन नकोत. वाटण्या झाल्या की आधी हे मोजून घ्यायचे.

माझ्या मुलाने लहानपणी आमचा शाळिग्राम जांभूळ समजून तोंडात घातला होता. सासूबाईंनी त्याला रागावलं नाही, म्हणाल्या, आता याच्या पोटात विष्णू गेला, याला पूजा शिकवा. आज तोच रोज तुळस वाहतो.

प्रकाशेकर

मी याज्ञिकी करतो, तेव्हा माझ्या माहितीप्रमाणे लिहितो.

पंचायतन पूजेत पाच देव, पाच दगड आणि पाच ठिकाणं आहेत. विष्णूचा शाळिग्राम गंडकीतला. शंकराचा बाण नर्मदेतला. गणपतीचा शोणभद्र, म्हणजे शोण नदीतला लालसर दगड. देवीचा स्वर्णमुखी नदीतला धातूसारखी चमक असलेला. सूर्याचा स्फटिक. मधे कोण बसतो यावरून ते विष्णुपंचायतन की शिवपंचायतन ते ठरतं. तुमच्याकडे पाचांपैकी दोन दिसतात, म्हणजे कोणे एके काळी पाचही असतील. तिसरा शोणभद्र असण्याची शक्यता मला वाटते. गणपती म्हणून शेंदूर लावत गेले असतील.

मुलीने पूजा करू नये याबद्दल: धर्मग्रंथांत यावर एकमत नाही. निषेधाची वचनं आहेत, तशी भक्ती असलेल्या कुणालाही अधिकार देणारी मतंही आहेत. मी यजमानांना सांगतो की घरात आजवर कोण करत आलं ते बघा.

बोरीकाठ

गुरुजी, "घरात आजवर कोण करत आलं" याचं उत्तर बहुतेक घरांत एकच आहे. अमळनेरला आमच्या घरी आजोबा सोवळं नेसून पाटावर बसायचे ते एकादशीला आणि चातुर्मासात. बाकी दिवस ताम्हन घासणं, पाणी भरणं, शाळिग्रामाला स्नान घालणं, पुसणं, चंदन उगाळणं, सगळं आजी. चाळीस वर्षं हात लावलेल्या बाईच्या लेकीला हात लावू नको म्हणणं मला पटत नाही आणि पटवूनही घ्यायचं नाही.

केळीबाग, तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून शाळिग्राम अंतरपाटामागे धरतं कोण? आमच्या गल्लीत तरी बायकाच धरतात.

पांझराकाठ

बोरीकाठ, तुमचा राग समजतो. पण काही घरांत तो नियम श्रद्धेने पाळतात, त्यांनाही कमी लेखू नये. माझी आईच पाळायची. तिला कुणी अडवलं नव्हतं, ती स्वतःच हात लावत नसे, लांबून फूल वाहायची. ते चूक होतं असं मी म्हणू शकत नाही.

बोरीकाठ

मान्य. स्वतः पाळणं वेगळं, दुसरीवर लादणं वेगळं. मी लादण्याबद्दल बोलतेय.

दगडफूल

मी भूशास्त्राचा माणूस, मूळचा चाळीसगावचा. दगडांवर धागा आणि मी गप्प, असं होणं शक्य नाही.

शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. साधारण 15-16 कोटी वर्षांपूर्वी हिमालयाच्या जागी समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात हे गुंडाळलेले शंख रुतले, त्यांच्याभोवती चिखल घट्ट होऊन गोटे झाले. पुढे तळ उचलला गेला, पर्वत झाला आणि नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरातून काली गंडकी हे गोटे उकरून खाली आणते. आतलं चक्र म्हणजे त्या शंखाचे कप्पे. काहींत सोनेरी चमक दिसते, ती लोहमाक्षिकाची. जुन्या लोकांनी सांगितलं की वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून आत चक्र करतो. म्हणजे या दगडात एक जीव राहून गेलाय, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटतं.

आणि एक गोष्ट सांगतो, ती आठवली की माझ्या अंगावर काटा येतो. अमोनाइट पृथ्वीवरून नाहीसे झाले ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. आपल्या खान्देशचा काळा पत्थर ज्या लाव्हातून घडला, तो लाव्हाही त्याच सुमाराला वाहत होता.

आता तिसरा दगड. प्रकाशेकरांचा शोणभद्राचा अंदाज तपासता येईल. केळीबाग, शेंदूर खरवडू नका. दगड उलटा करून बघा. तळाला, जिथे तो पाटावर टेकतो, तिथे शेंदूर बहुधा नसेल. रंग कोणता, ठिपके आहेत का, कडा गोल आहेत की तुटक्या, एवढं सांगा. हात लावल्यावर साबणाने धुवा. अस्सल शेंदूर शिशापासून होतो, पोटात जाऊ देऊ नये. खापरावरचे_मांडे, हे तुमच्याकडच्या लेकरांसाठीही.

कळण्याची_भाकर

आमना वावरमा बी आसाच दगड शे, बांधवर. म्हसोबा. पेरणीना पहिले नारळ फोडतस, मंगच तिफण चालस.

मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर रागावतील. चौपदरी रस्त्याच्या वेळी आमच्या बांधाचा म्हसोबा रस्त्यात आला. मशीनवाला पोरगा परप्रांतातला, पण त्याने मशीन थांबवलं आणि खाली उतरला. म्हणाला, आधी तुम्ही उचला. वडिलांनी भगताला बोलावलं, त्याने दगडासमोर लिंबू कापलं, नवी जागा दाखवली, कौल घेतला. मग वडिलांनी धोतराच्या सोग्यात घालून दगड पन्नास पावलं आत नेला. जुन्या जागेची मूठभर मातीही सोबत नेऊन त्याच्या खाली घातली. ती माती महत्त्वाची, असं भगत म्हणाला.

ताई, तुमचा दगडही कुणीतरी कुठून तरी उचलून आणलेला असणार. कुठून आणला ते शोधा. नाव आपोआप सापडेल.

नर्मदे_हर

बाणाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. आपल्या खान्देशातली माणसं सातपुडा ओलांडला की निमाडात, म्हणून घरोघरी नर्मदेचे गोटे आहेत. "नर्मदा के कंकर सब शंकर" हे तिकडचं बोलणं आपल्याकडेही रुळलंय. खरगोन जिल्ह्यात बकावां नावाचं गाव नर्मदेकाठी आहे. तिथे घरोघर नदीतले दगड घासून शिवलिंगं करतात आणि तीच सगळीकडे विकायला जातात. त्यात वाईट काही नाही, दगड नर्मदेचाच. पण जुन्या घरातला बाण शक्यतो परिक्रमेत किंवा ओंकारेश्वरी कुणीतरी स्वतः वेचलेला असतो. तो यंत्रासारखा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, कुठेतरी एक खांदा उतरता असतो. तुमचा तसा असेल तर भावाला सांगा, जपून ठेव.

पांझराकाठ

घासलेलं लिंग आणि नदीने घडवलेला बाण यांना एक मानता येईल का, नर्मदे_हर? बाणाला प्रतिष्ठा लागत नाही, कारण तो स्वयंभू. माणसाने छिन्नी लावली की स्वयंभूपण राहिलं कुठे?

नर्मदे_हर

मीही यावर खूप विचार केलाय. मी स्वतः परिक्रमा केली आणि एक गोटा वेचून आणला. आईने बकावांचं घासलेलं लिंग पूजलं. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसायचं, ते माझ्या गोट्यासमोर बसून मला अजून मिळालेलं नाही. शास्त्र तुमच्या बाजूने असेल. मी आईच्या बाजूने आहे.

साक्रीचा_कोकणा

आमच्या पश्चिम पट्ट्यात, साक्री-नवापूरकडे, वाघदेव असतो. लाकडाचा खांब किंवा दगड, त्यावर वाघ, चंद्र, सूर्य, नाग कोरलेले. वाघबारशीला गावची गुरं राखणारी पोरं घरोघर दाणे मागतात आणि त्याच्यासमोर स्वयंपाक होतो. त्याला शेंदूर लावतात. पण तो कधी घरात येत नाही, शिवेवरच राहतो, कारण त्याचं काम तिथे आहे. म्हणून तुमचा दगड घरात आला कसा, हा मलाही प्रश्न पडलाय. बाहेरचा देव घरात आणायला कारण लागतं.

खापरावरचे_मांडे

शेंदराची खोळ हा विषय निघालाय तर, सप्तशृंगीचं आठवतं का? 2022 मध्ये वणीच्या गडावर देवीच्या अंगावरचा शेकडो किलो शेंदूर काढला आणि आतलं मूळ रूप दिसलं. चैत्रात पायी जाणारी आमच्या गल्लीतली माणसं परत आल्यावर किती दिवस तेच बोलत होती. माझ्या नणंदेला आधी ओळखूच येईना. मग म्हणाली, डोळे तेच आहेत.

केळीबाग

एवढे प्रतिसाद बघून भरून आलं. डबा पुण्यालाच आणलाय, काल रात्री दगड उलटा केला.

तळाला शेंदूर नाही. काळा-करडा दगड आहे, त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके, काही चमकतात. कडा गोल, अगदी गुळगुळीत. एका बाजूने घासून सपाट केल्यासारखं वाटतं.

आणि कळण्याची_भाकर यांचं वाचल्यापासून आई पूजा कशी करायची ते आठवत बसलेय. शाळिग्रामाला तुळस, बाणाला बेल, गणपतीला दूर्वा. या दगडाला तुळसही नाही, बेलही नाही, नुसतं हळदकुंकू. आणि एक विचित्र गोष्ट. बाकी सगळ्या देवांना ताम्हनात अंघोळ घालून पुसून ठेवायची. याच्याजवळ मात्र पितळेची एक छोटी वाटी पाण्याने भरलेली असायची, रात्रंदिवस. सकाळी जुनं पाणी तुळशीला, नवं भरायचं. उन्हाळ्यात नळाला चार चार दिवस पाणी यायचं नाही, तरी ती वाटी रिकामी बघितल्याचं मला आठवत नाही. लहानपणी मला वाटायचं, देवाला तहान लागते म्हणून.

दगडफूल

मग शोणभद्र नाही, ही खात्रीची गोष्ट. हा आपला खान्देशी काळा पत्थर. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहतात, पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजं भरतात, तेच तुमचे ठिपके. आणि गोल, गुळगुळीत म्हणजे वाहत्या पाण्यातून आलेला. रावेर पट्ट्यात गाळाची जमीन खोल आहे, तिथे शेतात नांगराला असा गोटा सहसा लागत नाही. सुकी, भोकर अशा नद्या सातपुड्यातून तापीत आणतात. तुमचं गाव कुठल्या नदीवर आहे?

प्रकाशेकर

माझा अंदाज चुकला, आनंदाने मागे घेतो. हळदकुंकू म्हणजे देवी. आणि सतत भरलेली पाण्याची वाटी हे कुठल्याही पंचायतनात बसत नाही. मला एक सुचतंय, पण आधी दगडफूल यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या.

केळीबाग

आत्ताचं गाव नदीपासून लांब आहे. पण जुनं गाव तापीच्या काठावर होतं. हतनूर धरणाच्या पाण्यात गेलं, माझ्या जन्माआधी. आम्हाला ते फक्त सातबाऱ्यावर आणि मोठ्या माणसांच्या बोलण्यात माहीत. नवं गाव म्हणजे सरळ रस्ते आणि सारखे प्लॉट.

साक्रीचा_कोकणा

ताई, आसरा.

कळण्याची_भाकर

मीही हेच लिहायला आलो होतो. साती आसरा!

प्रकाशेकर

माझ्याही मनात तेच होतं. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: आसरा म्हणजे जळदेवता, अप्सरा शब्दावरून आलेलं नाव. नदी, विहीर, डोह यांच्या काठी सात दगड ओळीने मांडलेले असतात, शेंदूर लावलेले. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभाताचा नैवेद्य. बाळंतीण, लहान मूल पाण्यावर नेलं की आधी त्यांना नमस्कार. पण त्या सातजणी पाण्याकाठीच राहतात. एकटी घरात आलेली मी पाहिली नाही. तुमच्याकडे कुणी जुनं माणूस आहे का?

बोरीकाठ

आत्या, मावशी कुणी असेल तर आजच फोन करा. आमच्याकडे मी "पुढच्या सुट्टीत विचारू" म्हणत राहिले आणि विचारायचं माणूसच राहिलं नाही.

केळीबाग

आत्या आहे, सावद्याला. शनिवारी जाते, फोनवर तिला नीट ऐकू येत नाही.

खापरावरचे_मांडे

जाऊन आलात की लिहा हं. इकडे आम्ही सगळे सकाळी उठून आधी हा धागा उघडतोय.

केळीबाग

जाऊन आले. आठवतंय तसं लिहिते.

डबा उघडून आत्याच्या पुढ्यात ठेवला. तिने शाळिग्रामाकडे बघितलंसुद्धा नाही. तिसरा दगड दोन्ही हातांनी उचलला, पदराने पुसला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आसरा व्हय ही. मधली. मायनं आनली व्हती."

जुन्या गावात तापीच्या उतारावर बायकांचा घाट होता, तिथे सातजणी ओळीने बसलेल्या. गाव उठायच्या वर्षी देवळातल्या मूर्ती, मारुती, सगळं वाजतगाजत नव्या गावाला नेलं. आसरांचं कुणी नावच काढलं नाही. बायका म्हणाल्या, त्यांचं घरच पाण्यात, त्यांना कशाला हलवायचं? आजीलाही ते पटलं होतं. पण शेवटच्या दिवशी ती घाटावर गेली आणि मधली एक उचलून ओटीत घालून घेऊन आली. बैलगाडीत सामानावर बसून नव्या गावापर्यंत तिने ओटी सोडली नाही. कुणी विचारलं तर सांगायची, तांदूळ आहेत.

मी विचारलं, एकच का आणली? आत्या म्हणाली की माझे एक काका लहानपणी त्या घाटावर बुडता बुडता वाचले होते. बरोबर मधल्या आसरासमोर, एका बाईने केस धरून ओढून काढलं. आजीचा तिला शब्द होता की तुला कोरडी ठेवणार नाही. नव्या गावाला नदी नव्हती, म्हणून वाटी. आजी गेल्यावर आईने धरली. आईला हे सगळं माहीत होतं. आम्हाला सांगितलं का नाही, ते आत्यालाही सांगता आलं नाही.

सपाट बाजू म्हणजे आजीने पाट्यावर घासलेली, देव्हाऱ्यात नीट बसावी म्हणून.

भाऊ सोबत होता. तो म्हणाला, मग आता तिला परत तापीतच सोडू, बाकीच्या सहाजणी तिथेच आहेत. यावर आत्या जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते: "मायनं पान्यातून उठवून आनली, अन् तुम्ही परत पान्यात टाकता? मंग तिनं कायले आनली व्हती?"

दगडफूल

पाट्यावर घासलेली. मी तळाचा सपाटपणा वाचून किती तर्क केले होते. नदीत दगडावर दगड घासतो, वाळूत एका बाजूने झिजतो, सगळं डोक्यात आलं. घरातला पाटा आला नाही.

नर्मदे_हर

तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगता आला असता तर.

पांझराकाठ

भावाचं काय ठरलं? शाळिग्रामाचं?

केळीबाग

बाण भावाकडे. त्याचा एक खांदा खरंच उतरता आहे, नर्मदे_हर. भावाला दाखवलं तर तो अंगठ्याने तो खांदा चाचपतच बसला. शाळिग्राम माझ्याकडे आला. भावानेच दिला, तड्याचा विषय त्याने परत काढला नाही.

आसरा आत्याकडे राहिली. मी मागितली नाही. जुनं गाव बघितलेलं आमच्या घरात आता तेवढं एकच माणूस आहे. तिच्यानंतर माझ्याकडे, असं तिने भावासमोर सांगितलं. निघताना तिने सुनेला वाटी आणायला सांगितली. स्टीलची आली तर परत पाठवली. मग मी पर्समधून आईची पितळेची काढून दिली, ती मी सोबत नेली होती. आत्याने माठातलं पाणी घातलं, काठोकाठ.

कळण्याची_भाकर

ताई, उन्हाळ्यात हतनूरचं पाणी उतरलं की जुन्या गावठाणाच्या खुणा दिसतात का कधी? दिसत असतील तर घाटाजवळची मूठभर माती आणून आत्याच्या देव्हाऱ्यात ठेवा. मी धुळ्याहून येतो सोबत, वडिलांनाही आणतो.

केळीबाग

आत्याला विचारलं. म्हणते, वैशाखात घाटाच्या वरच्या तीन पायऱ्या दिसतात. जाऊ या. ती म्हणते, मीही येणार.

प्रकाशेकर

दहीभात माझ्याकडून.